तालुक्याच्या गावात ‘पेन’ची प्रॅक्टिस: भूलतज्ज्ञांसाठी आणि दुखणं अंगावर काढणाऱ्यांसाठी

रानतुळस (धागाकर्ती)

भूलशास्त्रात एमडी करणारी कोकणातली मुलं-मुली अधूनमधून विचारतात, ‘ताई, पुढे पेन मॅनेजमेंट (वेदनेवरच्या उपचारांची शाखा) घेतलं तर गावाकडे येऊन चालेल का?’ प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते: ही शाखा मुंबई-पुण्यापेक्षा तालुक्याच्या गावात जास्त हवी आहे, आणि तिथला भूलतज्ज्ञ ती नीट चालवू शकतो. मी सिंधुदुर्गात हेच करते आहे.

ही शाखा भूलतज्ज्ञांनीच उभी केली. जॉन बोनिका हा इटलीतल्या फिलिकुडी बेटावर जन्मलेला माणूस, अमेरिकेत कुस्त्या खेळून शिकला. दुसऱ्या महायुद्धात मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूल विभाग सांभाळताना त्याच्यापुढे असे सैनिक आले, ज्यांच्या जखमा भरल्या होत्या पण वेदना थांबत नव्हती. एकट्या डॉक्टरला हे झेपत नाही हे ओळखून त्याने सर्जन, मेंदूविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ एका टेबलाभोवती बसवले. १९७३ साली त्यानेच बोलावलेल्या बैठकीतून वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. आपल्याकडे इंडियन सोसायटी फॉर स्टडी ऑफ पेन १९८४ पासून आहे. सुईचं तंत्र त्याहून जुनं. माकडहाडाच्या वरच्या फटीतून औषध देण्याची कॉडल पद्धत पॅरिसमध्ये सिकार आणि कॅथलँ यांनी १९०१ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडली. ती मी आजही वापरते.

आता पेशंट कोण? चिरेखाणीवर गाडीत चिरे भरणारे. काजूच्या कारखान्यात दिवसभर एका जागी बसून बी फोडणाऱ्या बायका. आंब्याच्या दिवसांत झेला घेऊन मान वर करून उभे राहणारे गडी. माडावरून पडलेले पाडेली. होडीत उभ्याने जाळं ओढणारे खलाशी. लावणी संपली की आठवडाभरात ओपीडीत कंबर धरून येणाऱ्या बायकांची रांग वेगळीच. हे सगळे उशिरा येतात. आधी ‘उसण भरली’ म्हणून चोळून घेतलेलं असतं, मग मेडिकलमधून गोळ्या, मग कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या. त्या पुड्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चेहरा सुजलेला, साखर चढलेली, हाडं ठिसूळ, आणि दुखणं होतं तिथेच.

मी काय करते ते थोडक्यात. पायात उतरणाऱ्या कळेसाठी सी-आर्मच्या, म्हणजे पडद्यावर चालतं चित्र दाखवणाऱ्या क्ष-किरण यंत्राच्या, चित्रात बघून दबलेल्या नसेच्या मुळाशी इंजेक्शन. मणक्याच्या मागच्या छोट्या सांध्यांचं दुखणं असेल, तर त्या सांध्यांना जाणाऱ्या बारीक नसा आधी भूल देऊन तपासते. खरोखर फरक पडला तरच रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे सुईच्या टोकाशी साधारण ८० अंशांपर्यंत उष्णता देऊन ६० ते ९० सेकंदांत ती नस निकामी करणं. गुडघा बदलण्याचं ऑपरेशन ज्यांना झेपणार नाही, त्यांच्या गुडघ्याभोवतीच्या तीन नसांवरही हेच करता येतं. नस पुन्हा वाढते, त्यामुळे आराम सहसा सहा महिने ते वर्षभराचा. हे मी पहिल्याच भेटीत सांगते. चेहऱ्यात विजेसारखी कळ मारणारा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी आग, स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं पोटातलं दुखणं, हेही आमचंच काम.

बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातात. म्हणूनच हे जवळ असायला हवं. कंबरेत सुई घेऊन वैभववाडीचा माणूस मुंबईहून रात्रभर बसने परत आला, तर पुढच्या तपासणीला तो जात नाही. इंजेक्शननंतर व्यायाम सुरू झाला का, गोळ्या कमी करायच्या का, दुखणं बदललंय का, हे बघायला कोणीच नसतं. अर्धा उपचार तिथेच वाया जातो.

कातळसडा

ताई, मी मुंबईत भूलशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घर राजापूरजवळ. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फेलोशिप कुठे करावी? ऑपरेशन थिएटर पूर्ण सोडावं लागतं का? आणि यंत्रांचं काय? सी-आर्म विकत घ्यायची ऐपत नाही आमची.

रानतुळस

कातळसडा, आधी यंत्रांचं सांगते, कारण मुलं तिथेच अडतात. सी-आर्म विकत घेऊ नका. तालुक्यात हाडांचे डॉक्टर असतातच, त्यांच्या थिएटरात तो असतो. त्यांच्याशी ठरवून आठवड्यातला एखादा अर्धा दिवस आपला ठेवायचा, भाडं रोखीने चुकतं करायचं. रेडिओफ्रीक्वेन्सीचं यंत्र पुढे, पेशंट जमल्यावर. सी-आर्मला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो मालकाकडे आहे का हे स्वतः बघून घ्या, आणि अंगावर शिशाचा एप्रन, थायरॉइडचा पट्टा आणि किरणोत्सर्ग मोजणारा बॅज असल्याशिवाय पाय ठेवू नका. भूल देताना आपण दोन पावलं मागे सरू शकतो. इथे हात किरणांच्या अगदी शेजारी असतो.

नसांसाठी सोनोग्राफी शिकलात तर उत्तम, पण मशीनची नोंदणी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली करावीच लागते. ‘मी फक्त खांद्याच्या नसा बघतो’ म्हणून सूट नाही. आणखी एक, जे शहरात कोणी शिकवत नाही: कोकणातली हवा. खाऱ्या दमट हवेने यंत्रांच्या जोडण्या खराब होतात. खोलीत ओल शोषणारं यंत्र सतत चालू ठेवा, लाइटीसाठी नीट बॅकअप ठेवा. जुलैत करूळचा घाट बंद पडला की कोल्हापूरचा इंजिनियर दोन दिवस येत नाही, म्हणून मोठ्या केसेसच्या तारखा पावसाळ्यात जरा सैल ठेवायच्या.

फेलोशिप निदान एक वर्षाची घ्या. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांवर भागवू नका. कोलकात्यात या कामाची जुनी परंपरा आहे, तिथे पुष्कळ जण जातात. कॅन्सरच्या वेदनेसाठी टाटा मेमोरियलमधले काही महिने आयुष्यभर पुरतात. वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेनची परीक्षा नंतर, हात बसल्यावर द्यावी. जागा निवडताना तिथल्या सरांना एकच विचारा: मला ओपीडीत बसवाल का? नुसत्या सुया मारून घेणारी जागा नको. कोणाला सुई मारायची नाही हे ओपीडीतच कळतं.

थिएटर सोडू नका. पहिली काही वर्षं घर त्याच्यावरच चालतं, आणि तिथले सर्जनच पुढे पेशंट पाठवतात. माझ्याकडे अजूनही सिझेरियनच्या रात्री असतात.

जुना सावंतवाडीकर

मी हाडांचा डॉक्टर, आता निवृत्तीकडे. आमच्या गावात पेनचे डॉक्टर येऊ लागले तेव्हा आमच्यातले काही नाराज होते, हे मान्य करायला हवं. मी माझा सी-आर्म दिला, आणि त्याचा मला आनंद आहे. चकती सरकून पायात कळ येणाऱ्या बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. तेवढा काळ माणसाला झोप आणि थोडं चालणं मिळवून देणं मोठं काम आहे.

पण नव्या मुलांनी एक कायम लक्षात ठेवावं. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पाऊल उचलेनासं झालं, तर तो पेशंट तुमचा नाही. त्याच दिवशी मणक्याच्या सर्जनकडे. तसंच ताप, वजन घटणं आणि रात्री वाढणारं पाठीचं दुखणं म्हणजे आपल्याकडे मणक्याचा टीबी आधी मनात यायला हवा. तिथे स्टेरॉइड टाकलं तर रोग पसरेल. एमआरआय आणि रक्त तपासल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही.

रानतुळस

सर, अगदी हेच. माझ्या केसपेपरच्या पहिल्या पानावर या सगळ्या प्रश्नांचे चौकोन छापलेले आहेत, ते भरल्याशिवाय पान उलटत नाही.

निळा बुरुज

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून मनापासूनच आक्षेप घेतो. मी जनरल प्रॅक्टिस करतो, खेडजवळ. मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याच्या उपचाराची २००९ साली खोट्या (नुसता देखावा केलेल्या) उपचाराशी तुलना झाली. न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात दोन चाचण्या आल्या आणि दोन्हींत फरक दिसला नाही. २०१७ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात दाखवलं, की व्यायामाला रेडिओफ्रीक्वेन्सीची जोड देऊन जुनाट कंबरदुखीत मोलाचा फायदा होत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने तर कॅन्सर किंवा सांध्यांची दाहक व्याधी नसलेल्या जुनाट मणकादुखीत या इंजेक्शनांच्या आणि नसा जाळण्याच्या विरुद्ध ठाम शिफारस केली. आमच्याकडचा माणूस बागेचं आगाऊ उचललेलं कर्ज फेडतोय. त्याला हजारोंचा खर्च सांगताना तुम्ही हे सांगता का?

रानतुळस

निळा बुरुज, हा प्रश्न आलाच पाहिजे होता, आभार.

हो, सांगते. तुम्ही म्हणता ते तिन्ही अभ्यास मी वाचले आहेत आणि त्यांनी माझं काम बदललं आहे. ‘कंबर दुखते’ एवढ्यावर मी कोणालाही सुई मारत नाही. २०१५ साली निरोगी, काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या एमआरआयचा एकत्र आढावा आला होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे ‘मणक्यात गॅप आलाय’ असं रिपोर्टवर बोट ठेवून उपचार ठरवणं चूक आहे. ओपीडीत आलेल्यांपैकी पुष्कळ जणांना मी समजावून, गोळ्या कमी करून आणि व्यायाम लावूनच परत पाठवते.

तुमच्याशी मतभेद आहे तो इथे. डच चाचणीत पेशंट कसे निवडले आणि सुई कशी ठेवली यावर गंभीर टीका झाली आहे. बीएमजेच्या शिफारशीवर वेदनातज्ज्ञांच्या अनेक संघटनांनी आक्षेप नोंदवले आहेत. आम्ही आमच्याच धंद्याची बाजू घेतो आहोत असं कोणी म्हणेल, तर त्या शंकेलाही जागा आहे. म्हणून मी दोन गट करते. ताजी चकती सरकून पायात असह्य कळ, स्वादुपिंडाचा कॅन्सर, गोळ्यांना दाद न देणारा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया: इथे सुईचा उपयोग मी ठामपणे सांगते. जुनाट, पसरट कंबरदुखी, जिच्यात नैराश्य, झोप नसणं, घरातली ओढाताण मिसळलेली असते: तिथे मी सहसा नाही म्हणते. मधल्या लोकांना पुरावा कच्चा आहे हे स्वच्छ सांगून, खर्च लिहून देऊन, विचार करायला घरी पाठवते. त्याच दिवशी ‘करून टाकू’ असं कधीच नाही.

आणि नोंदी. प्रत्येक पेशंटला दोन आठवडे, तीन महिने, सहा महिन्यांनी फोन जातो: किती दुखतं, किती चालता, किती गोळ्या. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या आसपास विंचूदंशाच्या पेशंटांच्या खाटेशी बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवला, आणि ते लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचलं. आपल्या पट्ट्यातल्या डॉक्टरला त्याहून मोठा दाखला कशाला हवा? माझ्या नोंदींनी खोट्या उपचाराशी तुलना होत नाही, पण मी स्वतःला फसवते आहे का, एवढं तरी कळतं.

निळा बुरुज

खर्च लिहून देऊन घरी पाठवणं, हे वाचून बरं वाटलं. ट्रायजेमिनलबद्दल सहमत. माझ्याकडे दोन-दोन दाढा काढूनही कळ न थांबलेले लोक येतात. दंतवैद्यांनाही हा धागा दाखवायला हवा.

आवाठ

डॉक्टर, नमस्कार. मी आचऱ्याचो. माझ्या आवशीचा वय ७२. चार म्हयने झाले, डाव्या पायात कळ येता. चुलीसमोर बसूक जमणा नाय. एमआरआय केलव, चकती सरकली म्हणान सांगल्यानी. तिका साखर आसा, आणि दोन वर्सांमागे हृदयात स्टेंट घातल्यानी, तेच्या गोळये चालू आसत. ती म्हणता सुयेन पाय लुळो पडतलो. खरा काय ता सांगा.

रानतुळस

आवाठ, आवशीक माझो नमस्कार सांगा. इतर वाचकांसाठी पुढचं प्रमाण भाषेत लिहिते.

न तपासता मी उपचार सांगणार नाही, पण काय बघायचं ते सांगते. त्यांना घरातच धरून टाचांवर आणि मग चवड्यांवर चार पावलं चालायला लावा. दोन्ही जमत असेल आणि लघवी-शौचाची तक्रार नसेल, तर घाई नाही. यातलं एक जरी जमत नसेल तर उद्याच दाखवा.

पाय लुळा पडण्याची भीती बिनबुडाची नाही, म्हणून ती हसण्यावारी नेऊ नका. असं नुकसान झाल्याची उदाहरणं जगात आहेत, आणि २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिड्यूरल (मणक्यातल्या नसांभोवती दिलेल्या) स्टेरॉइडबद्दल तसा इशाराही दिला आहे. ते फार क्वचित घडतं. धोका मुख्यतः स्टेरॉइडचे कण रक्तवाहिनीत जाण्याचा असतो. म्हणून नसेच्या मुळाशी सुई नेताना आम्ही कण नसलेलं डेक्सामेथासोन वापरतो, आणि आधी रंगद्रव्य सोडून ते रक्तवाहिनीत जात नाही ना हे पडद्यावर बघतो. ‘तुम्ही पडद्यावर बघून करता का?’ हा प्रश्न कोणत्याही डॉक्टरला विचारा. नुसत्या बोटाने चाचपून मणक्यात इंजेक्शन देणाऱ्याकडे आईला नेऊ नका.

साखर: स्टेरॉइडनंतर काही दिवस, कधी आठवडाभर साखर वर राहते. आधी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा, नंतर घरी ग्लुकोमीटर ठेवा.

स्टेंटच्या गोळ्या: यात क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) असेल, तर अशा सुईआधी ती साधारण आठवडाभर बंद ठेवावी लागते. पण ती बंद करायची की नाही हे फक्त हृदयाचे डॉक्टर ठरवतील, आणि लेखी देतील. स्वतःहून एक दिवसही थांबवू नका. ते ‘नको’ म्हणाले तर आपण सुईचा विचार सोडून देऊ, गोळ्या आणि व्यायामावर जाऊ.

मुचकुंदी

मी रत्नागिरीत फिजिओथेरपी करते. रानतुळसताईंचं सगळं पटलं, एकच जोडते. इंजेक्शननंतर दुखणं उतरलं की लोक दुसऱ्या दिवशी शेतावर जातात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून पन्नास किलोची खताची गोणी उचलतात. तो मोकळा काळ कंबरेचे आणि पोटाचे स्नायू बळकट करायला वापरायचा असतो. मी आता व्यायाम कामातच बसवून देते: उखळाशी कसं बसायचं, कळशी कशी उचलायची, रोप लावताना किती वेळाने सरळ उभं राहायचं. वेगळा अर्धा तास काढा म्हटलं की आमच्या बायका मान डोलावतात आणि करत नाहीत. त्यांच्याकडे तो अर्धा तास नसतोच.

रानतुळस

मुचकुंदी, हे सोन्यासारखं लिहिलंत. पेनच्या प्रॅक्टिसला आधी फिजिओ जोडीदार शोधा, मग यंत्र. कातळसडा, हे वहीत लिहून ठेवा.

भरतीओहोटी

थोडा वेगळा प्रश्न. वडिलांना तोंडाचा कॅन्सर, मशेरीची जुनी सवय. टाटातून उपचार संपवून घरी पाठवलंय, आम्ही हर्णैला राहतो. रात्री कळवळतात. इथे कोणी मॉर्फिनची गोळी देत नाही. म्हणतात कायद्याची भानगड आहे. सुई मारून काही होईल का?

रानतुळस

भरतीओहोटी, वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. दादा, सुईआधी मॉर्फिन. कॅन्सरच्या तीव्र वेदनेसाठी तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी हाच आजही पाया आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच तिला उपचारांच्या शिडीत वरच्या पायरीवर ठेवलं. कायद्याची भानगड आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा २०१४ साली बदलला आणि मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली गेली. पूर्वी रुग्णालयाला चार-पाच परवाने लागत. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता मिळाली की पुरतं. अडचण अशी, की किनाऱ्यावरची फार थोडी रुग्णालयं ही मान्यता मागतात. नव्या पेन डॉक्टरने गावात आल्यावर पहिला अर्ज याचाच करावा, असं मला कळकळीने वाटतं.

तुम्ही आज करायचं ते असं: टाटाच्या कागदांवर पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) विभागाचा फोन असेल, त्यावर बोला आणि जवळचं मान्यताप्राप्त केंद्र विचारा. गोळी सुरू झाली की बद्धकोष्ठ होतोच, त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. ‘सवय लागेल’ या भीतीने डोस चुकवू नका, ठरलेल्या वेळेला घड्याळ लावून द्या. गोळ्या पुरेशा होऊनही चेहऱ्याच्या एकाच भागात कळ राहिली, तर त्या नसेचा ब्लॉक, म्हणजे सुईने ती नस बधिर करणं, करता येतो. मला व्यक्तिगत निरोपात रिपोर्ट पाठवा, आज रात्रीच बघते.

भरतीओहोटी

पाठवले. विभागाशी बोलणं झालं, उद्या भाऊ निघतोय. आभार, डॉक्टर.

आवाठ

डॉक्टर, आवशीक चालवन बघितलंय. टाचांवर जमला, चवड्यांवर डाव्या पायान जमणा नाय. लघयेची तक्रार नाय.

रानतुळस

आवाठ, मग थांबू नका. डाव्या पायाची ताकद कमी झालेली असू शकते, ते प्रत्यक्ष तपासायला हवं. उद्या सकाळी जवळच्या हाडांच्या किंवा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. एमआरआयच्या फिल्म, नुसता रिपोर्ट नव्हे, स्टेंटचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. ताकद खरंच कमी असेल तर इंजेक्शनचा प्रश्न मागे पडतो, ऑपरेशन हवं का ते सर्जन ठरवतील. सर, तुम्ही उद्या ओपीडीत आहात का?

जुना सावंतवाडीकर

आहे. नऊ वाजल्यापासून. आचऱ्याहून लांब पडेल, पण आले तर आधी घेतो. तिकडच्या तिकडे मालवणात दाखवलंत तरी चालेल, फक्त उद्याच दाखवा.